30 सप्टेंबरचा पट

पावणेबारा वाजतात आणि शाळेच्या फाटकात कोंडी होते. सकाळच्या सत्रातली पाचवी ते सातवीची मुलं बाहेर पडतायत, दुपारच्या सत्रातली पहिली ते चौथीची आत घुसतायत, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत खिचडीचं पातेलं धरून दोन मावश्या "सरका रे, भाजेल, सरका" म्हणून ओरडतायत. पातेलं एकच आहे, पंगती दोन. जाणाऱ्यांनी खाऊन जायचं, येणाऱ्यांनी खाऊन बसायचं. एक चौथीतली मुलगी धाकट्या भावाचा हात तोंडाजवळ धरून फुंकर घालतेय आणि दुसऱ्या हातानं फाटकाच्या गजाला घट्ट पकडून उभी आहे, गर्दीनं बाहेर ढकललं जाऊ नये म्हणून.

पुण्याच्या पूर्वेला, नगर रस्ता सोडून आत वळलं की लागणाऱ्या गावांपैकी हे एक. नाव सांगत नाही, कारण हीच गोष्ट शेजारच्या गावात तशीच्या तशी सापडेल. जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते सातवी. कुंपणापलीकडे हिरवी जाळी पांघरलेले टॉवर उभे राहतायत. त्यांच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोल्यांची रांग, तिला इथं 'कँप' म्हणतात. टॉवरच्या जाहिरातीत क्लब हाउस आहे, पोहण्याचा तलाव आहे, 'शाळा हाकेच्या अंतरावर' असंही आहे. ही हाकेच्या अंतरावरची शाळा म्हणजे ही नव्हे, हे वेगळं सांगायला नको.

आज 30 सप्टेंबर आहे. म्हणून तर मी आज आलोय. राज्यातल्या शाळांना शिक्षक किती द्यायचे हे ठरवणारी संचमान्यता आजच्या पटावर होते. आज जेवढी मुलं कागदावर, त्या हिशेबानं माणसं मंजूर. उद्या आलेलं मूल वर्गात बसेल, खिचडी खाईल, पुस्तक मिळालं तर वाचेल. फक्त त्याच्यासाठी शिक्षक मागता येणार नाही.

पहिलीच्या वर्गात 68 मुलं आहेत. खोलीला दोन फुटी शहाबादी फरशी आहे आणि बाईंनी नियम केलाय, एका फरशीवर दोघं. ज्यांचं माप फरशीत बसत नाही त्यांनी मांडी घालायची नाही, पाय जवळ घ्यायचे. दप्तरं बाहेर व्हरांड्यात, दोरीला ओळीनं लटकवलेली. बाईंना उभं राहायला फळ्यापुढची एक पट्टी आणि दारातला उंबरठा, एवढीच जागा. भिंतीकडच्या रांगेपर्यंत त्या पोचूच शकत नाहीत, म्हणून वह्या हातोहात पुढे येतात, तपासून हातोहात मागे जातात. मधल्या एकाला शू लागते. तो उठतो तशी अख्खी ओळ एका बाजूला कलते, दोन पेन्सिली मोडतात, कुणीतरी रडायला लागतं, आणि बाई फळ्यावर काढत असलेला 'म' अर्धा सोडून वळतात.

"वाचन कसं घेता?" मी विचारतो.

बाई टेबलाच्या खणातून एक मळकी वही काढतात. तीत मुलांची नावं आणि पुढे तारखा. "तासाला पाच-सहा जणांचं ऐकून होतं. आज ही ओळ, उद्या ती ओळ. खिडकीजवळच्या त्या पोराचा नंबर दोन आठवड्यांनी येतो. तोवर मागचं विसरलेला असतो." वहीत त्या पोराच्या नावापुढे तीन तारखा आहेत आणि दोनांवर काट. त्या दिवशी तो आला नव्हता.

वर्गात नांदेडकडची मराठी आहे, तांड्यावरची बंजारा बोली आहे, बिहारची हिंदी आहे, मागच्या कोपऱ्यात दोघी बहिणी आपसात ओडिया बोलतायत. बाई "बसा" म्हणताना हातानंही बसवतात. भाषेचं त्यांना तसं काही वाटत नाही. "तीस पोरं असती ना, तर दिवाळीपर्यंत सगळी मराठी बोलली असती," त्या म्हणतात आणि परत 'म' कडे वळतात.

ऑफिस म्हणजे तांदळाची पोती, पुस्तकांचे गठ्ठे आणि त्यांच्यात खोचलेला एक संगणक. प्राथमिक शाळेला कारकून नसतो, त्यामुळे मुख्याध्यापक बाई स्वतःच पोर्टलवर बसल्यायत. शेजारी एक तरुण सर आधार कार्डांच्या झेरॉक्सा चाळत एकेक आकडा वाचून दाखवतायत. पहिली ते पाचवीचा पट 372. मागच्या सप्टेंबरात तो 280 होता.

शिक्षणहक्क कायद्याचं परिशिष्ट सरांना पाठ आहे. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, नव्वदपर्यंत तीन, एकशेवीसपर्यंत चार, दोनशेपर्यंत पाच. तीसास एक असं जे आपण ऐकून असतो ते एकशेवीसपर्यंतच चालतं. पट दोनशेच्या पुढे गेला की मुख्याध्यापक वगळून शिक्षकामागे चाळीसपर्यंत मुलं चालतात, असं तोच कायदा म्हणतो. म्हणजे शाळा जितकी फुगेल तितकी वर्गात दाटी करायला कायद्याचीच मुभा. 2009 साली हे लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे मोठी शाळा म्हणजे खोल्या, मैदान, सोयी असलेली शाळा असावी. गावठाणातल्या चार खोल्यांवर टॉवर येऊन आदळतील हे काही त्यांच्या मनात नसणार.

"280 ला सात मिळाले," सर बोटांवर मोजत सांगतात. "आता 372 ला नऊ तरी बसतात. दहाव्यासाठी भांडावं लागेल."

"नऊ कुठले?" बाई मान न वळवता म्हणतात. "आधार बघा आधी."

गेली काही वर्षं संचमान्यतेला आधार जुळलेलीच मुलं धरतात. बोगस पट थांबावा म्हणून हे आलं, आणि बोगस पट होते हेही खरंच. 2011 च्या पटपडताळणीत ते राज्यभर उघडे पडले होते. पण इथं समोर बसलेली, नाक ओढणारी, हाडामासाची 41 मुलं पोर्टलला मान्य नाहीत. कुणाचं आडनाव कार्डावर आधी आहे, शाळेत नंतर. कुणाच्या नावात एक काना जास्त. आणि कँपातल्या निम्म्या मुलांची जन्मतारीख 1 जानेवारी. कार्ड काढताना दाखला नव्हता, तेव्हा काढणाऱ्यानं टाकून दिली. एका पोराचा दाखला आता गावाकडून आलाय, त्यात तारीख श्रावणातली. मग जुळणार कसं? बापाला आधार केंद्रावर पाठवायचं तर त्याची हजेरी बुडते, आणि आज तर समोरच्या टॉवरला स्लॅब पडतोय. स्लॅबच्या दिवशी मुकादम कुणाला सोडत नाही.

372 वजा 41. सर कागदावर मांडतात, चाळीसनं भागतात, पेन ठेवतात. "आठ. एक माणूस आधारात अडकलाय, मॅडम."

तो आठवाही लगेच येत नाही. मंजुरी यायची, मग पद भरायचं, भरती झाली नसेल तर बदलीतून कुणी मिळतंय का बघायचं. तोवर जून उजाडतो. वाढत्या गावातली शाळा कायम मागच्या वर्षीच्या शिक्षकांवर या वर्षीची मुलं सांभाळत असते. यात गैरव्यवहार नाही, कुणाचा आळसही नाही. नियमाची रचनाच अशी की पट वाढला हे सिद्ध होईस्तोवर थांबायचं. पट घसरणाऱ्या गावात याच रचनेचा वर्षभर फायदा मिळतो. आणि बहुतेक गावांत पट घसरतोच आहे. वीस किंवा त्याहून कमी मुलांच्या शाळा राज्यात 14 हजारांवर असल्याचं 2023 च्या सुमारास सरकारी आकडेवारीतूनच समोर आलं. त्यांच्या समूह शाळा करायच्या तर नमुना म्हणून पुढे ठेवलं गेलं ते पुणे जिल्ह्यातलंच पानशेत. एकाच जिल्हा परिषदेच्या पश्चिमेच्या डोंगरात बाकं रिकामी आणि पूर्वेच्या सपाटीवर फरशीवर दोघं. डोंगरातले शिक्षक इकडे आणा, असं म्हणणं सोपं आहे. पण वाडीत सात मुलं असली तरी तिथं एक माणूस लागतोच, आणि तो लागायलाच हवा.

"दिवाळीनंतर काय होतं ते यांना सांगा," मुख्याध्यापक बाई सरांना म्हणतात.

दिवाळीनंतर पाऊस संपलेला असतो, बांधकामं जोरात येतात. ठेकेदार नव्या टोळ्या आणतो. म्हणजे कँप सर्वांत जास्त भरलेला असतो तो डिसेंबर ते मार्च, आणि मोजणी होते सप्टेंबरात. गेल्या वर्षी जानेवारीत एका सोमवारी तेवीस मुलं एकदम फाटकात उभी होती, मुकादम पुढे आणि मुलं मागे. कुणालाही परत पाठवता येत नाही, कायदा सांगतो वयानुरूप वर्गात बसवा. बसवली. ती आजच्या पटात नाहीत, कारण मे महिन्यात टोळी दुसऱ्या साइटवर गेली.

मग सर पोत्यांमागून एक गुंडाळी काढतात. मागच्या वर्षीच्या कॅलेंडरांची पाठकोरी पानं चिकटवून केलेला गावाचा नकाशा. शाळा मध्ये. लाल गोल म्हणजे कँप, निळे चौकोन म्हणजे भाड्याच्या खोल्या, पेन्सिलीनं काढलेले उभे आयत म्हणजे टॉवर. आयतांमध्ये आकडे लिहून खोडलेले दिसतात.

"पहिल्यांदा मी फ्लॅट मोजले," सर सांगतात. "इतके फ्लॅट, घरटी एक पोर धरलं तरी आपली शाळा बुडाली, असं वाटलं होतं. पण फ्लॅटमधलं एक पोर इकडं येत नाही. ती पिवळ्या बसनं जातात. मग लक्षात आलं, टॉवर नाही मोजायचा. टॉवरला घरकामाच्या बायका किती लागतात, वॉचमन, ड्रायव्हर, झाडूवाले किती लागतात ते मोजायचं. ती माणसं या निळ्या चौकोनांत राहतात, आणि त्यांची पोरं आपली."

मला हे ऐकून खरंच थांबायला होतं. वाढत्या शहराच्या नियोजनावर मी बरंच वाचलंय, त्यात हे इतकं साफ कुणी सांगितलेलं आठवत नाही. एका टॉवरमागे शाळेकडे दोन लाटा येतात. बांधकाम चालू असताना कँपातली, ती तीन-चार वर्षांत ओसरते. आणि ताबे मिळाले की खोल्यांतली, ती मात्र ओसरत नाही, मुरते. पहिल्या लाटेला पक्क्या खोल्या बांधल्या तर पुढे मोकळ्या पडायच्या. तिला पत्र्याची शेड, बांधकामाच्या जागेवरचाच वर्ग आणि हंगामी माणूस पुरतो. दुसऱ्या लाटेला मात्र विटा, सिमेंट आणि कायम पदच हवं. आपण पहिलीला काहीच देत नाही आणि दुसरी ओळखेपर्यंत ती वर्गात येऊन बसलेली असते.

माझी भाची टेक्सासमधल्या फ्रिस्कोत राहते. डॅलसच्या उत्तरेचं हे गाव तीसेक वर्षांत कुठल्या कुठे गेलं, मराठी माणसंही तिथं भरपूर. तिकडे शाळांचा स्वतंत्र जिल्हा असतो, त्याचं निवडून आलेलं मंडळ असतं, आणि वाढत्या जिल्ह्यांत लोकसंख्येचा अंदाज बांधणारे तज्ज्ञ नेमून कुठल्या वसाहतीत किती घरं बांधून व्हायचीत, घरामागे किती मुलं येतील, हे पुढची दहा वर्षं मांडतात. चौथीपर्यंत वर्गात 22 च्या वर मुलं घ्यायची तर राज्याकडून सूट मागावी लागते. मी हे सांगतो तेव्हा सर मन लावून ऐकतात. आणि पुढे काय झालं तेही सांगतो, की घरं महाग झाली, लहान मुलांची कुटुंबं येईनात, पट उतरायला लागला आणि आता तिथं एक जुनी शाळा बंद करण्याचा निर्णय घ्यावा लागला.

"म्हणजे त्यांचंही चुकतं," सर जरा खुशीत येऊन म्हणतात. मग नकाशाची घडी घालत, "पण त्यांना पगार देऊन चुकायला मिळतं."

जिन्यानं वर जातो. नवी इमारत एकमजली आहे, गच्चीवर खांबांतून सळ्या सोडलेल्या, टोकं वाकवून ठेवलेली. बांधताना कुणा अभियंत्यानं पाया दोन मजल्यांचा धरला होता. तेव्हा पट कमी होता आणि गावानं त्याला 'पैसे कशाला पुरतोस' म्हटलं होतं, असं खाली बसलेले तात्या सांगतात. तात्या माजी सरपंच. आज या सळ्या हीच शाळेची सर्वांत मोठी मालमत्ता आहे, कारण गावात गुंठ्याचा भाव असा चढलाय की शाळेला जागा विकत घेणं कुणाच्या बापाला जमणार नाही. गायरान होतं, त्याच्यावर अर्धी वस्ती बसली. वरच चढायचं. पण सळ्यांवर गंजाचे पापुद्रे आलेत. मी नखानं टोकरतो तर तांबडा भुगा हातावर येतो. सरांनी तपासणीसाठी अर्ज दिलाय. पलीकडच्या दोन कौलारू खोल्या धोकादायक म्हणून बंद आहेत, निर्लेखनाचा प्रस्ताव तालुक्याला गेलाय, तो मंजूर झाल्याशिवाय त्या पाडता येत नाहीत आणि पाडल्याशिवाय तिथं नव्या खोल्या मागता येत नाहीत.

"आणि वर ते महापालिकेचं," तात्या म्हणतात. "2017 ला अकरा गावं गेली, 2021 ला तेवीस गेली. गावं गेली की शाळाही त्यांच्याकडं. आता आपलं कधी जातंय या वायद्यावर कुणी वीट लावंना. हे म्हणतात ते बांधतील, ते म्हणतात अजून आमच्याकडं आलं नाही."

तीन वाजता शाळा व्यवस्थापन समितीची बैठक आहे. खोली नाही, म्हणून चिंचेखाली सतरंजी. अध्यक्ष रिक्षा चालवतात, गणवेशातच आलेत. बायका निम्म्या आहेत, नियमच तसा आहे, आणि इथल्या बायका बोलतातही. कँपातलं मात्र कुणी नाही. ते जाणार म्हणून त्यांना घेतलं जात नाही; मग त्यांची बाजू मांडायला उरतात ते फक्त सर.

आज सरांनी दोन पाहुणे बोलावलेत. एक अंगणवाडीताई, अंगणवाडी शाळेच्याच आवारात, कोपऱ्यात. दुसरे ग्रामपंचायतीचे कर्मचारी, काखेत नमुना आठचं रजिस्टर. त्यात गावातल्या प्रत्येक मिळकतीची करआकारणी असते, कुणाच्या वाड्यात भाड्याच्या किती खोल्या हेही त्यातून निघतं. ताईंच्या वहीत सहा वर्षांखालचं प्रत्येक मूल असतं, घर फिरून लिहिलेलं. म्हणजे पुढची पाच वर्षं पहिलीत कोण येणार याची यादी शाळेच्या दारापासून चाळीस पावलांवर कायम होती. शाळेनं ती मागितली नव्हती आणि ताईंना कुणी विचारलं नव्हतं.

ताई वही उघडतात. "पुढच्या जूनला पहिलीत बसणारी 94. त्याच्या पुढच्या वर्षीची 107. ही फक्त नोंद झालेली. नव्या चाळीत मी अजून गेले नाही."

"कुठली नवी चाळ?" ग्रामपंचायतीचे कर्मचारी विचारतात. त्यांच्या रजिस्टरात ती नाही. तात्या खाकरतात. चाळ त्यांच्या पुतण्याची आहे.

"बत्तीस खोल्यांची आहे," एक बाई मागून म्हणतात. "माझी बहीण राहायला आलीय तिथं."

सर्वजण हसतात. तात्याही. कर्मचारी पेन काढून चाळीची नोंद घेतात, आणि तात्यांच्या चेहऱ्यावर पुतण्याच्या घरपट्टीचा हिशेब उमटतो. सर नकाशावर एक निळा चौकोन वाढवतात.

मुख्याध्यापक बाई इतिवृत्ताची वही पुढे ओढतात. ठराव लिहायचाय. सत्रं दोनच ठेवायची का, यावर दहा मिनिटं जातात. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवायचे नाहीत असं 2024 पासून ठरलंय, म्हणून लहानांना दुपार दिली. पण मोठी पोरं बारालाच सुटतात आणि आईबाप कामावर, ती साइटवर फिरतात. मागच्या महिन्यात एक सहावीतला पोरगा वाळूच्या ढिगावरून पडून हात मोडून बसलाय. गणवेशातले अध्यक्ष म्हणतात, निदान दोन तास त्यांना व्हरांड्यात बसवून अभ्यास घ्या. व्हरांड्यात दप्तरं आहेत, बाई सांगतात. दप्तरांसाठी रॅक आपण लोखंडवाल्याकडून मागू, मागची बाई म्हणते. ते ठरतं.

मग खोल्या.

"चार लिहू?" बाई विचारतात. "गच्चीवर तेवढ्याच बसतात."

"सहा लिहा," तात्या म्हणतात.

"तात्या, बसत नाहीत हो."

"दोन कौलारूच्या जागी. निर्लेखन येईल तेव्हा येईल. आज कागदावर नाही घेतल्या तर येईल तेव्हा पहिल्यापासून सुरुवात."

"ते विचारतील कशाच्या आधारावर सहा. पट तर पोर्टलला 331 च दिसतोय."

सर अंगणवाडीच्या वहीकडे बोट करतात. "हिची झेरॉक्स जोडा. नमुना आठची जोडा. नकाशा मी फेअर करून देतो."

"अशी झेरॉक्स जोडून कुणी मागितल्यात का आजवर?" अध्यक्ष विचारतात.

"माहीत नाही. आपण जोडू."

बाई 'सहा' लिहितात, मग पेन थांबवून ताईंकडे बघतात. "तुमच्या वहीवर सुपरवायझर मॅडमची सही लागेल. नुसती वही ते धरायचे नाहीत."

"त्या गुरुवारी येतात," ताई म्हणतात. "पण मला आधी त्या चाळीत जाऊ द्या. बत्तीस खोल्या आहेत म्हणताय, तर आकडा 94 राहणार नाही. एकदा सही झाली की परत खोडता येत नाही."

"मग आज जा."

"आज कशी? सगळ्या कामावर असतात. सातच्या पुढं जावं लागेल."

"मी येते सोबत," बहीणवाली बाई सतरंजीवरून उठते. "नाहीतर दार उघडायची नाहीत, पाणीपट्टीवाले आले समजून."